अळणी कोंबडा

हिल्सबरो, कॅरियाकू बेट
१९ फेब्रुवारी १९६८

कथबर्ट,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. फाशीची शिक्षा झालेल्या भाच्याला प्रिय म्हणायला माझी ना नाही, खोटारड्या भाच्याला म्हणायला आहे. टायटसला तू मारलं नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. कोंबडा कापायचा म्हटला की घरामागे पळून कानात बोटं घालणारा तू. तू कसलं त्या धिप्पाड कप्तानाचं डोकं फोडतोस! त्यानं नेलेलं शीड परत दिलं नाही म्हणून रमच्या दुकानात 'डोकं फोडीन' म्हणून ओरडलास खरा, पण आपल्याकडे डोमिनो हरतानाही माणसं तेच ओरडतात. ओरडणाऱ्या सगळ्यांना फासावर द्यायचं तर या बेटावर फक्त शेळ्या उरतील.

पण पोलिसांना तू खोटं सांगितलंस. ग्रेनाडाला तुझा खटला ऐकून परत येताना गलबतात माझ्या पोटातलं सगळं समुद्रात गेलं, आल्यापासून अंथरुणाला खिळले, तरी त्या जजचं शेवटचं भाषण काही डोक्यातून जात नाही. कसा चष्मा पुसत पुसत ज्यूरीला सांगत होता! "सज्जनहो, आरोपी म्हणाला, मी टिरेल बेमध्ये माझ्या होडीवर झोपलो होतो. दोन कोळी शपथेवर सांगतात, होडी रिकामी होती. मग आरोपी म्हणतो, कुठे होतो ते सांगायला मला लाज वाटते. सज्जनहो, निर्दोष माणसाला खोटं बोलायची गरज काय? खोटं बोलणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं, आणि खुनाच्या खटल्यात लपवायचं असतं ते एकच."

झालं. ते बारा जण उठून आत गेले, मी पिशवीतला पाव काढून अर्धा खाते न खाते तोच परत आले. जज बार्बाडोसचा आहे म्हणे. तिकडे माणसं लाजत नसतील.

आता मला सरळ सांग, ती बाई कोण? लिनेटशी साखरपुडा झालेला असताना तू कुणाच्या घरी होतास?

बाकी धीर धर. ज्या संध्याकाळी टायटस धक्क्यावर मेला, त्याच संध्याकाळी आपल्या घरी पितर जेवून गेलेत, हे विसरू नकोस. तू नव्हतास, पण सगळ्या गावानं पाहिलं. अंगणात ढोल चालू होता, आतल्या खोलीत आईसाठी ताट मांडलेलं, दाराशी मी बसलेली, खिडकीला मी माझ्या हातानं कडी घातलेली. म्हणजे मांजर नाही की बोकड नाही. आत जाऊन बघते तर ताट लख्ख! इतकी वर्षं मी ताट मांडतेय, कधी शीतभर हललं नव्हतं. तुझ्या आजीनं ज्या घरात अन्न घेतलं, त्या घरच्या पोराला ती फासावर जाऊ देईल का?

तुझी,
टँटी युफेमी

---

डोंगरावरचा तुरुंग, सेंट जॉर्जेस, ग्रेनाडा
१ मार्च १९६८

प्रिय टँटी,

बाई नाही. आईशपथ, बाई नाही. लिनेटलाही सांग.

कुठे होतो ते विचारू नकोस. मी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. डिग्बी वकिलांनी अपील केलंय, ते भले माणूस आहेत, बघू काय होतं ते. मला इथे एक खिडकी आहे, तिच्यातून बंदरातली गलबतं दिसतात. शिडाला ठिगळं कुणी चुकीची लावलीत ते इथूनही कळतं.

एक सांगू? ते पितर जेवल्याचं फार लोकांना सांगत सुटू नकोस. त्याच्या आदल्या वर्षी मी भर पंगतीत 'मेलेले जेवत नाहीत, मुंग्या जेवतात' असं म्हणालो आणि तू मला घराबाहेर काढलंस. 'आईची माफी मागशील तेव्हाच या दारातून आत यायचं' म्हणालीस. तर माफी मागतो. आजीची मागतो, तुझीही मागतो.

तुझा,
कथबर्ट

(वाचलं. पाठवायला हरकत नाही. — वॉर्डर बार्थोलोम्यू)

---

सेंट जॉर्जेस
९ मार्च १९६८

श्रीमती युफेमी क्वाशी यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या भाच्याच्या अपिलाचे मुद्दे मी दाखल केले आहेत. आपण विचारलेत की 'यात मुद्दा तो काय', म्हणून सोप्या शब्दांत लिहितो.

जजसाहेबांनी ज्यूरीला सांगितले की खोटे बोलणारा गुन्हेगारच असतो. कायदा असे म्हणत नाही. माणूस लाजेने खोटे बोलतो, भीतीने बोलतो, दुसऱ्याला वाचवण्यासाठीही बोलतो. ज्यूरीला हे बजावून सांगणे हे जजचे काम आहे. त्यांनी ते केले नाहीच, उलट दार बंद करून टाकले. सरकारकडे या खटल्यात एक भांडण आणि एक खोटे यापलीकडे काहीही नाही. खोटे बाजूला काढले तर उरते रमच्या दुकानातली आरडाओरड.

पण मे महिन्यात अपील कोर्टाचे तीन जज बेटे फिरत फिरत इथे येतील, तेव्हा ते मला पहिला प्रश्न हाच विचारतील, 'डिग्बी, लाज कसली होती?' त्यावर मी काय सांगू? 'आरोपीलाच ठाऊक' असे म्हणालो तर ते चहा प्यायला उठून जातील. आपला भाचा मला काही सांगत नाही. मी लाजेचे नाव काढले की तो छताकडे बघतो. आपण आईच्या जागी आहात. कृपया काढून घ्या. त्याचा जीव त्यावर आहे.

आपला नम्र,
ए. डिग्बी, वकील

ता. क. माझा अंदाज बाईचा आहे. सहसा तेच असते.

---

हिल्सबरो
१७ मार्च १९६८

कथबर्ट,

वकीलही म्हणतात बाईच. आता मी स्वस्थ बसेन असं वाटलं का तुला?

पहिल्यांदा टपालवाल्याच्या बायकोकडे गेले, कारण ती तुझ्याकडे बघून हसते. तिनं मला तुरीचे दाणे सोलायला बसवलं, आणि ती सगळ्यांकडेच बघून हसते असं कळलं. दात पुढे आहेत बिचारीचे. मग विंडवर्ड गावच्या शिक्षिकेकडे गेले. तिनं दार लावून घेतलं. मला वाटलं, सापडली! पण तिच्या घरात कुणी दुसराच होता, आणि तो कोण हे मी आता जन्मभर कुणाला सांगू शकत नाही. मग लिनेटकडे गेले. तिला काही सांगायचं नव्हतं मला, पण माझं तोंड तुला माहीत आहे. तिनं साखरपुड्याची अंगठी काढून शेळ्यांच्या कोंडवाड्यात भिरकावली. दुपारभर आम्ही दोघी लेंड्या उपसत होतो. सापडली आहे. पण घालत नाही ती.

पितरांचं न सांगायला काय झालं? तुझी माफी मी आईच्या फोटोपुढे वाचून दाखवली. गाव सगळं माझ्या दाराशी येतंय. पेटिट मार्टिनिकहून होडी करून दोन म्हाताऱ्या आल्या, माझा हात हातात घेऊन बसल्या. आणि डेल्फीन! जन्मभर माझ्या कालवणाला नावं ठेवणारी माझी चुलतबहीण डेल्फीन, परवा विचारते, "युफेमी, तू कोंबडा कसा शिजवलास गं? माझ्या ताटाला दरवर्षी मुंग्याच लागतात." मी म्हटलं, शिजवण्यात नाही गं, मनात असावं लागतं. तिचा चेहरा बघायला तू हवा होतास.

आता लाज सोड. लाजेपायी कुणी मान देतं का? बाई लग्नाची असली तरी चालेल. विधवा असली तर उत्तमच.

टँटी

---

तुरुंग, सेंट जॉर्जेस
२८ मार्च १९६८

प्रिय टँटी,

मी बाई नाही म्हटलं की नाही! आता त्या शिक्षिकेची माफी माग.

एवढंच सांगतो. मी खरं बोललो तर माझ्या जवळच्या एका माणसाला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि गावाचं सोड, त्या माणसाला जे मिळालंय ते जाईल. ते मिळायला त्या माणसानं फार वर्षं वाट पाहिली आहे. माझ्यासारख्या एका शिडं शिवणाऱ्यासाठी ते घालवायचं? मला जमणार नाही. वकिलांना सांग, कायद्याचं जे आहे तेवढ्यावर लढा.

मी ठीक आहे. वॉर्डर बार्थोलोम्यू माझ्याशी डोमिनो खेळतात आणि हरले की 'डोकं फोडीन' म्हणतात, मग जीभ चावतात. जेवणाचं तेवढं वाईट. मक्याचे गोळे, माशाचं पाणी, सगळं अळणी. इतकं अळणी मी याआधी एकदाच जेवलोय, आणि तेव्हा निदान कोंबडा होता, गरम होता, आणि आठवडाभर समुद्रावर काढल्यावरची भूक होती.

तुझा,
कथबर्ट

(वाचलं. इथल्या जेवणात मीठ असतं. थोडं असतं. — वॉ. बा.)

---

हिल्सबरो
६ एप्रिल १९६८

मेल्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा रडले. तिसऱ्यांदा तुरी निवडत वाचत होते, आणि हात थांबला.

अळणी कोंबडा.

या बेटावर अळणी कोंबडा कोण शिजवतं? आजाऱ्यालासुद्धा आपण मीठ घालून देतो. मीठ चालत नाही ते फक्त पितरांना. माझ्या घरात अळणी कोंबडा वर्षातून एकदाच शिजतो आणि एकाच ताटात वाढला जातो. ते ताट नोव्हेंबरात कुणी खाल्लं, हे मी पेटिट मार्टिनिकपर्यंत सांगून आलेय!

खाई त्याला खवखवे म्हणतात ते हेच. म्हणून तू माफी मागत होतास! म्हणून 'फार सांगत सुटू नकोस'! आणि मी ती माफी फोटोपुढे उभं राहून वाचली, मागे मेणबत्ती लावून!

हाडंसुद्धा फोडून चोखली होतीस रे गाढवा. मी सगळ्यांना सांगितलं, 'बघा, आईला हाडातली मज्जा आवडायची, म्हणून हाडं फोडलीत.' आईला दात नव्हते! शेवटची कित्येक वर्षं दात नव्हते तिला! आणि एकालाही ते आठवलं नाही, मलाही नाही. पेल्यातली जॅक आयर्न रमसुद्धा संपवलीस. आई आयुष्यात दारूला शिवली नाही; तो पेला बाबांसाठी होता.

मी हे कुणाला सांगणार नाही. मला सांगता येणार नाही. डेल्फीनला काय सांगू? कोंबडा मनानं शिजवला होता म्हणून?

मला पत्र लिहू नकोस.

युफेमी क्वाशी

---

तुरुंग, सेंट जॉर्जेस
१५ एप्रिल १९६८

प्रिय टँटी,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो. फासावर जाणाऱ्याचं एवढं ऐकून घे.

त्या दिवशी मी युनियन बेटावरून आलो, होडी टिरेल बेमध्ये बांधली आणि ढोल ऐकत चालत आलो. दारात तू बसलेली, आणि माझी माफी मागायची बाकी होती. म्हणून मागच्या बाजूनं गेलो. खिडकी नुसती लोटलेली होती. म्हटलं, एक पाय खाऊ. नुसता एक पाय. खाल्ला. मग मनात आलं, एका पायाचा कोंबडा बघून तुला कळणारच, म्हणून दुसराही खाल्ला. मग बिनपायाचा कोंबडा तर त्याहून वाईट दिसायला लागला. टँटी, चोरी मी एका तंगडीची केली, बाकीचा पुरावा नाहीसा केला. रम घशाखाली घास जावा म्हणून.

तेवढ्यात दाराचा आवाज झाला. मी पलंगाखाली गेलो.

तू आत आलीस. मला वाटलं आता ओरडशील, आणि मी बाहेर येऊन तुझ्या पाया पडायला तयार होतो. पण तू ओरडली नाहीस. तू खाली बसलीस. तुझे गुडघे माझ्या तोंडापासून हातभर होते. आणि तू म्हणालीस, "आई, मला उशीर झाला. तार मिळताच अरूबाचं काम टाकून पहिली बोट धरली गं, पण तुला पुरून झालं होतं. तू एवढी वर्षं रागावली होतीस ना? जेवलीस. आता राग गेला ना?"

मग किती तरी वेळ तू रडत होतीस आणि पलंगाखाली मीही. तोंडावर हात दाबून, त्या हाताला कोंबड्याचा वास. दारातून रिकामं ताट बघून बाहेर लोक ओरडायला लागले, 'जेवले, पितर जेवले', तू डोळे पुसून बाहेर गेलीस, आणि मी खिडकीतून पळालो. टायटस तेव्हाच केव्हातरी मेला असेल. तो वाईट माणूस नव्हता, शीड त्यानं मागाहून आणून दिलं असतं.

पोलिसांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, कुठे होतास? मी काय सांगणार होतो? की टँटी, तुझी आई आली नव्हती, मी होतो?

ताट खाल्ल्याची लाज आहेच. पण लाजेपायी कुणी फासावर जात नाही. मला तुझ्याकडून ते परत घ्यायचं नव्हतं. अजूनही नाही. हे पत्र फाडून टाक.

कथबर्ट

(वाचलं. मी काही वाचलं नाही. — वॉ. बार्थोलोम्यू)

---

सेंट जॉर्जेस
१० मे १९६८

श्रीमती क्वाशी यांस,

माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. अपील कोर्ट सत्तावीस तारखेला बसते आहे. आपला भाचा काल मला म्हणाला, 'साहेब, तुम्ही फार कष्ट घेऊ नका.' माझ्या अशिलांपैकी असे म्हणणारा हा पहिलाच. मला हे आवडलेले नाही.

आपल्याला काही ठाऊक असेल तर बोटीने इकडे येण्याची गरज नाही. हिल्सबरोच्या मॅजिस्ट्रेटपुढे शपथपत्र करता येते. मला तार करा, मी स्वतः येतो. मलाही बोट लागते, तरी येतो.

आपला,
ए. डिग्बी

---

हिल्सबरो
१९ मे १९६८

कथबर्ट,

पत्र फाडलं नाही. वकिलांच्या हाती दिलं. रागाव हवं तर.

महिनाभर मी काय करत होते ते विचारू नकोस. माणसं यायची, हात धरून बसायची, आणि मी मान हलवायची. लोकांना घरात घ्यायची लाज वाटायला लागली. मग डिग्बी साहेबांचं पत्र आलं आणि मला दिसलं की एका रिकाम्या ताटासाठी मी तुला मारायला निघालेय. तार केली. साहेब आले. येताना बोट लागून हिरवेपिवळे झाले होते, मी त्यांना आल्याचा काढा दिला.

मॅजिस्ट्रेट टपालाच्या दिवशी बसतात, म्हणजे सगळं गाव तिथेच. मी म्हटलं, साहेब, दार लावून घेता येईल का? ते म्हणाले, बाई, कोर्ट उघडंच असतं. पहिल्या बाकावर कोण? डेल्फीन. छत्री मांडीवर घेऊन.

मग मी सांगितलं. सगळं. कारकुनानं विचारलं, "आरोपी त्या खोलीत होता हे तुम्ही कशावरून म्हणता?" मी म्हटलं, "मिठावरून." तो टंकलेखनाचं यंत्र सोडून माझ्याकडे बघत राहिला. मग ते पत्र वाचलं गेलं. आई, मला उशीर झाला. अरूबा. सगळं. ते शब्द मी रिकाम्या खोलीत बोलले होते, आणि ते या बेटावर दुसऱ्या कुणाला ठाऊक असतील तर पलंगाखालच्यालाच.

पोलिसांनी मला नोव्हेंबरात विचारलं होतं, भाचा पंगतीला का नव्हता? मी सांगितलं होतं, बोलावलं होतं, आला नाही. तेही खोटं. मी तुला दाराबाहेर काढलं होतं आणि ते सांगायची मला लाज वाटली. हेही शपथपत्रात घाला म्हटलं. बार्बाडोसच्या जजला कळू दे, कुणाचाही खून न केलेली बाईसुद्धा पोलिसांशी खोटं बोलते.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. बाहेर आले. डेल्फीन पुढे आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझ्या ताटाला मुंग्या लागतात, तुझ्या ताटाला भाचा लागला." आणि मग माझा दंड धरून मला घरापर्यंत पोचवलं. वाटेत एक शब्द बोलली नाही. डेल्फीन! अर्धा मैल!

मला दुःख झालंय, कथबर्ट. खोटं सांगणार नाही. आई आली नव्हती याचं झालंय. पण तू पलंगाखाली रडत होतास हे वाचल्यापासून मला एकटीनं रडल्यासारखं वाटत नाही.

सत्तावीसला स्वच्छ शर्ट घाल. केसांना तेल लाव.

टँटी

---

सेंट जॉर्जेस
२९ मे १९६८

प्रिय श्रीमती क्वाशी,

तार मिळालीच असेल: कथबर्ट सुटला. तुरुंगाची कागदपत्रे परवा पूर्ण होतील. आपण इथे नव्हता, म्हणून झाले ते लिहितो.

मी कायद्याचा मुद्दा मांडला, मग आपले शपथपत्र वाचले. मधले जज, जे सगळ्यांत वरिष्ठ, म्हणाले, "डिग्बी, तुमचे म्हणणे असे आहे का, की माणूस फासावर जायला तयार होतो, पण कोंबडा खाल्ला हे कबूल करत नाही?"

मी म्हणालो, "महाराज, कोंबडा खाल्ल्याचे त्याने केव्हाच कबूल केले असते. मावशीच्या आईने तो खाल्ला नाही, हे कबूल करायला तो तयार नव्हता."

सरकारी वकील उठून म्हणाले की हे पत्र कालपरवा बनवलेले असेल. तेव्हा वॉर्डर बार्थोलोम्यूंना बोलावले. त्यांनी आपली सही ओळखली, तारीख ओळखली. मधल्या जजनी विचारले, "इथे लिहिले आहे, 'वाचलं. मी काही वाचलं नाही.' याचा अर्थ काय?" वॉर्डर ताठ उभे राहून म्हणाले, "महाराज, कामाचा भाग म्हणून वाचलं. माणूस म्हणून ते माझं वाचायचं नव्हतं." नंतर त्यांनी रुमाल काढला आणि नाक इतक्या मोठ्याने शिंकरले की शिपाई दचकला.

डावीकडचे म्हातारे जज शेजारच्याच बेटांवर जन्मलेले आहेत. त्यांनी मान वर न करता विचारले, "अळणी होता?"

"होय महाराज."

"आणि सगळा खाल्ला?"

"हाडे फोडून, महाराज."

"गरम असेल तोवरच जातो तो," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत राहिले. मधले जज त्यांच्याकडे बघत होते. पण त्यांनी वर पाहिले नाही.

दुपारी निकाल वाचला. त्यातले एक वाक्य मी आपल्यासाठी उतरवून घेतले: 'ज्यूरीला सांगायला हवे होते की माणसे अपराधापायी खोटे बोलतात, तशी लाजेपायीही बोलतात, आणि कधी कधी मायेपायीही, हे न सांगितल्यामुळे ज्यूरीपुढे एकच वाट उरली, आणि ती फासाकडे जात होती.' शिक्षा रद्द. खटला पुन्हा चालवायचा नाही. टायटसच्या गलबतावरचा एक खलाशी त्या रात्रीपासून दिसलेला नाही, याकडे आता पोलिसांचे लक्ष गेले आहे. उशिरा का होईना.

मार्चच्या पत्राच्या ताज्या कलमातला माझा अंदाज मी मागे घेतो. सहसा बाईच असते, पण ती आई असेल असे डोक्यात आले नाही.

आपला,
ऑगस्टस डिग्बी

---

हिल्सबरो
३० मे १९६८

प्रिय कथबर्ट,

खोडलं नाही, बघ.

हे पत्र बार्थोलोम्यू साहेबांच्या हाती देईल असा माणूस आज गलबतानं येतोय. त्यांना सांग, पुढच्या नोव्हेंबरात माझ्या घरी जेवायला यायचं. मीठ घातलेलं.

लिनेटची अंगठी बोटात आहे. म्हणते, बाई असती तर एक वेळ समजले असते, कोंबड्यासाठी मला विधवा करायला निघाला होता! दोन दिवस तुझ्याशी बोलणार नाही म्हणाली आहे. तिसऱ्या दिवशी बोलेल. पेटिट मार्टिनिकच्या त्या म्हाताऱ्या पुन्हा आल्या होत्या. मला वाटलं भांडायला. तर म्हणाल्या, 'युफेमी, आमच्याही घरी एकदा ताट रिकामं झालं होतं. आम्ही आमच्या जावयाला विचारायला हवं होतं.'

आता एक गोष्ट. ही मी शपथपत्रात सांगितली नाही, कारण कुणी विचारलीच नाही.

तू लिहिलंस, खिडकी नुसती लोटलेली होती. कथबर्ट, ती मी लावली होती. माझ्या हातानं. शेळ्या सुटलेल्या होत्या म्हणून कडी घातली, वर खुंटी ठोकली, ओढून पाहिली. डेल्फीन म्हणते, वय झालं, विसरली असशील. म्हणू दे. ती खोली त्या रात्रीपासून मी पितरांची म्हणून बंद ठेवली होती, काल उघडून बघितलं. खुंटी पलंगावर पडलेली आहे, आतल्या बाजूला.

तुझी आजी घरात एकही पोर उपाशी असताना कधी घास घ्यायची नाही. आम्ही पाच जणं जेवून उठलो की मग भांडं खरवडायची. मी तिच्यापुढे कोंबडा ठेवला, आणि खिडकीबाहेर तिचा नातू आठवडाभराचा उपाशी उभा. ती काय करणार होती? मी इतकी वर्षं तिला ताट वाढत होते आणि मला हे साधं सुचलं नाही. आता माझं मन निवांत आहे. तिला राग नव्हता. तिला फक्त आधी कुणाला तरी वाढायचं होतं.

शनिवारचं गलबत धर. कोंबडा बघून ठेवलाय, तू आलास की कापेन. तू घरामागे जाऊन कानात बोटं घाल. तुझ्या ताटात मीठ असेल. आईच्या नसेल.

आणि या वेळी दारानं ये.

तुझी,
टँटी